रूळ रानाबाहेर गेले, माळाचं काय?

हिवर हे झाड बाभळीच्या गोतातलं. साल पांढरट-पिवळी, काटे सरळ आणि जोडीनं आलेले, डोक्यावर छत्रीसारखा पसरट माथा. पावसाळ्यात फिकट पिवळी फुलं येतात, शेंगा शेळ्या खातात, आणि एके काळी त्याची साल दारू गाळणाऱ्यांच्या कामाला यायची. सावली पातळ, फळ माणसाच्या उपयोगाचं नाही, त्यामुळे या झाडाचं कौतुक कुणी फारसं केलेलं नाही. तरी वऱ्हाडात या झाडाच्या नावाची गावं आहेत. त्यांतलं एक तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हिवरखेड. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला समोर काय दिसत असेल, ते नावातच आहे: दाट अरण्य नव्हे, उघडा माळ, त्यावर विरळ काटेरी झाडं आणि मधे गुडघाभर गवत.

हे आधी सांगण्याचं कारण म्हणजे अकोला-खांडवा रेल्वेचा वाद. गेली काही वर्षं तो 'जंगल की रेल्वे' अशा दोनच शब्दांत मांडला जातो. जुन्या मीटरगेज मार्गावरूनच मोठी रेल्वे न्यायची म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून न्यायची. नाही तर हिवरखेडहून पश्चिमेला वळवून सोनाळा, जामोद, उसर्णी, खकनार असा वळसा घालून तुकईथडला जुन्या मार्गाला मिळवायची. वाद जुना आहे आणि आता पारडं जंगलाबाहेरच्या मार्गाकडे झुकलं आहे. ते योग्यच झालं, असं आमचं मत आहे. पण ज्या समाधानानं पर्यावरणवाले आणि सरकार दोघंही या निर्णयाकडे पाहतात, तेवढं समाधान आम्हाला वाटत नाही. का, ते सांगायचं तर आधी डोंगराकडे पाहावं लागेल.

हिवरखेडहून उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की सातपुड्याची दक्षिण बाजू समोर येते. चिखलदऱ्याला जाणारा पर्यटक बघतो ते धुक्यातलं हिरवं मेळघाट वेगळं आणि ही उन्हाकडे तोंड करून बसलेली बाजू वेगळी. इथे माती पातळ, उतार खडा, पाणी थांबत नाही. साग आहे, पण त्याच्या जोडीला सालई, धावडा, मोईन, खैर, पळस. मार्चनंतर सालईची उघडी, चकाकती खोडं तेवढी उरतात आणि त्यांच्या खाली वाळलेलं कुसळ उभं असतं. पूर्वी इथल्या डोंगरउतारांवर तिखाडी नावाचं सुवासिक गवत कापून रोशाचं तेल काढत. जंगलातून गवताचं तेल निघतं, म्हणजे त्या जंगलात जमिनीपर्यंत ऊन पोचत असणारच. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत, ऊन खाली उतरतं, म्हणून गवत वाढतं. गवत वाढतं म्हणून चितळ, सांबर, रानगवा, चौशिंगा पोसतो. आणि ते पोसले जातात म्हणून वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे आहेत. आफ्रिकेत अशा झाड-गवताच्या मुलखाला सव्हाना म्हणतात. आपण त्याला 'शुष्क पानझडी वन' म्हणतो, आणि नावात वन आलं की दोन झाडांमधली मोकळी जागा आपल्याला कमतरता वाटू लागते. ती भरून काढायला आपण रोपं घेऊन धावतो.

जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली लिहिलेल्या शोधनिबंधात हाच मुद्दा मांडला आहे. आशियातले असे मुलूख हे तोडून उजाड झालेलं जंगल नव्हे. ती फार जुनी, स्वतःच्या पायावर उभी असलेली सव्हाना आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तर याला आपल्या भाषेतला पुरावा शोधला. जुन्या मराठी ग्रंथांत आणि लोकगीतांत कोणती झाडं येतात हे त्यांनी तपासलं, आणि शेकडो वर्षांपूर्वीही काटेरी, उघड्या माळाची झाडंच पुन्हा पुन्हा भेटतात असं दाखवून दिलं. त्यांचा अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा आहे. तो जसाच्या तसा वऱ्हाडाला लावता येणार नाही. पण हिवरखेडच्या नावात जे दडलं आहे ते त्याच जातीचं आहे. गावाचं नाव हाही एक दस्तऐवज असतो. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा जुना.

आता रेल्वेकडे येऊ. अकोला ते खांडवा हा मार्ग मीटरगेज. जयपूरकडून काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेनं जायची. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या मीटरगेज जाळ्यांना सांधणारा हा दुवा होता. अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड अशी स्टेशनं घेत गाडी डोंगरात शिरायची आणि वान अभयारण्यातून धूळघाटकडे चढायची. चढ इतका खडा की रुळांना स्वतःभोवतीच एक वेढा घ्यावा लागला. खालून गेलेला रूळ वर येऊन स्वतःलाच ओलांडतो. लोक त्याला 'चारचा आकडा' म्हणतात. खिडकीतून मान काढून आपल्याच गाडीचा मागचा डबा खाली शोधणं हा या प्रवासातला पोरांचा हक्काचा खेळ होता. तिथल्या एका गावाचं नावच 'धूळघाट रेल्वे' आहे. गावानं रेल्वेला जागा दिली आणि रेल्वेनं गावाला नाव.

2017 च्या सुरुवातीला या मार्गावरची गाडी बंद झाली. मोठ्या रुळांचं काम दक्षिणेकडून सुरू झालं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अकोट-अकोला गाडी धावू लागली. पुढे डोंगर, व्याघ्र प्रकल्प आणि प्रश्न.

जुन्या मार्गाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना 'विकासाचे आंधळे भक्त' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या मुद्द्यांत वजन आहे. पहिलं, रूळ तिथे आधीपासून आहेत. मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला 1973-74 मध्ये, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक म्हणून; वान अभयारण्य जाहीर झालं 1997 मध्ये. म्हणजे गाडी आधीची, अभयारण्य नंतरचं. इतकी वर्षं गाडी शिट्टी वाजवत गेली आणि वाघही राहिले, मग आजच काय बिघडलं? दुसरं, जुना मार्ग जवळचा आहे. वळसा घातला की साधारण 30 किलोमीटर वाढतात, आणि वाढलेल्या प्रत्येक किलोमीटरचं तिकीट, डिझेल, वीज कायमची मागे लागते. तिसरा मुद्दा आम्हाला सगळ्यांत जड वाटतो, आणि त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते. धारणी तालुक्यातल्या धूळघाटसारख्या कोरकू आदिवासी गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारी स्वस्त, बारमाही सोय म्हणजे ही गाडी होती. आजारी माणूस अकोल्याला न्यायचा, मजुरीला जायचं, पोराला शिकायला पाठवायचं तर दहा-वीस रुपयांत काम व्हायचं. मार्ग वळला की जामोद-सोनाळ्याच्या लोकांना पहिल्यांदाच रेल्वे मिळेल, हे खरं आणि चांगलंच. पण धूळघाटच्या लोकांची गेली ती गेलीच. नफ्याची गावं वेगळी, तोट्याची वेगळी, आणि बेरीज मात्र एकाच कागदावर.

तरीही जुन्या मार्गानं मोठी रेल्वे नेऊ नये, असं आम्ही का म्हणतो?

एक तर 'गाडी होतीच की' हा युक्तिवाद मीटरगेजपुरता खरा आहे. 1,000 मिलिमीटरच्या रुळांवर दिवसाकाठी मोजक्या, रमतगमत चढणाऱ्या गाड्या आणि 1,676 मिलिमीटरच्या रुळांवर मुंबई-दिल्लीच्या ओझ्याला पर्याय म्हणून धावणारी वाहतूक या एकाच गोष्टी नव्हेत. हा मार्ग हैदराबाद-पूर्णा-अकोला-खांडवा-इंदूर-रतलाम-जयपूर असा सांधला जाणार आहे. म्हणजे ती हिवरखेडची लोकल नसेल, देशाची मालगाडी असेल: रात्री धावणारी, लांबलचक, आणि ब्रेक दाबल्यावर बराच पुढे जाऊन थांबणारी. मोठ्या गाडीला चारचा आकडा झेपत नाही; तीव्र वळणं सरळ करायला डोंगर कापावा लागतो, बोगदे पाडावे लागतात, भराव उंच करावे लागतात. खडा काप आणि उंच भराव म्हणजे जनावराला चढता-उतरता न येणारी भिंत. त्यातून एखादं जनावर रुळांत शिरलंच तर बाहेर पडायला बाजू नसते.

हे कल्पनेतलं भय नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. तिथलं जंगल सपाटीचं आहे, चालकाला थोडं तरी पुढचं दिसतं. धूळघाटच्या वळणात काय दिसणार?

दुसरं कारण न्यायाचं आहे, आणि आमच्या मते निर्णय इथेच लागतो. याच रानातून, वाघाला मोकळी जागा हवी म्हणून, केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा, अमोना, नागरतास, बारूखेडा ही गावं उठवली गेली. 2008 नंतर कुटुंबामागे 10 लाख रुपयांचं पॅकेज होतं, 2021 पासून ते 15 लाख झालं. माणसं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. कुणाला जमीन मिळाली, कुणाचे पैसे घर-लग्न-दवाखान्यात विरले. काहींचं बरं झालं, अनेकांचं बिघडलं. जानेवारी 2019 मध्ये काही पुनर्वसित कुटुंबं आपल्या जुन्या गावठाणात परत गेली, तेव्हा वनखातं-पोलीस आणि ती माणसं यांच्यात हाणामारी होऊन दोन्हीकडचे लोक जखमी झाले. त्या माणसांना सांगितलं होतं काय? तुमची चूल, तुमची गुरं, तुमची पायवाट यांनी वाघाला त्रास होतो. चूल उठवून तिथेच मालगाडी चालवायची असेल तर हे सांगणं खोटं ठरतं. ज्या रानासाठी कोरकूंनी गाव सोडलं, त्या रानातून रेल्वे नेण्याचा अधिकार नैतिकदृष्ट्या तरी कुणाला उरत नाही. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ऑगस्ट 2020 मध्ये रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग बाहेरून नेण्याची विनंती केली. पण आमच्या मते वजनदार पत्र केलपाणीच्या मोडलेल्या चुलींनी आधीच लिहून ठेवलं होतं.

आणि त्या उठलेल्या गावांचं झालं काय, तेही पाहायला हवं. जिथे ज्वारी-कपाशीची वावरं होती तिथे आज कुरणं आहेत. वनखात्यानं तण उपटून, गवताची काळजी घेऊन ती जोपासली. सकाळ-संध्याकाळ तिथे चितळ-सांबराचे कळप उतरतात, गवे येतात. शेत सोडलं की जंगल माजतं असा आपला समज. इथे शेत सोडलं तर आधी माळ परत आला, आणि माळ आला म्हणून जनावरं आली. शहाण्या वनाधिकाऱ्यांनी तिथे रोपवन केलं नाही, गवतच राखलं. मेळघाटात अलीकडे झालेलं एखादं चांगलं काम सांगा म्हटलं तर आम्ही हे सांगू. देशाला गवताची आठवण 2022 साली नामिबियातून कुनोत चित्ते आणताना झाली. मेळघाटात ती त्याआधीच झाली होती.

या प्रश्नावर दूरचा एक दाखला फार जवळचा वाटतो. पूर्व आफ्रिकेत मोंबासाहून आत जाणारी रेल्वे इंग्रजांनी 1896 ते 1901 या काळात टाकली. रूळ मीटरगेजचे आणि बहुतेक मजूर हिंदुस्थानातून नेलेले. त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर 1898 मध्ये दोन सिंहांनी मजूर उचलून नेले, ती हकीकत पुढे जगभर गाजली. नंतर 1948 मध्ये तिथे त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं, रुळांच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं. गाडी आधीची, उद्यान नंतरचं, रूळ मीटरगेज: सगळं आपल्यासारखंच. केनियानं 2017 मध्ये जुन्या मार्गाला लागूनच नवी मोठी रेल्वे सुरू केली. उंच भराव घातला, कुंपण घातलं, हत्तींसाठी खालून वाटा ठेवल्या. गळ्यात यंत्रं बांधलेल्या हत्तींच्या हालचाली तिथले अभ्यासक पाहत राहिले. काही हत्ती त्या वाटांनी जायला शिकले, काहींनी ओलांडणं कमी केलं, काही गाडीखाली आले. पुढे 2019 मध्ये नैरोबी राष्ट्रीय उद्यानातून रेल्वे नेताना त्यांनी सुमारे 6 किलोमीटरचा पूलच बांधला. खाली जिराफ, वर गाडी. छायाचित्रांत तो छान दिसतो. पण तोही उद्यानातूनच गेला, आणि तिथल्या लोकांनी त्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढलीच.

केनियाकडून दोन्ही पक्षांना घेण्यासारखं आहे. नीट बांधलं तर जनावर वाट काढतं, हे एक. आणि कितीही नीट बांधलं तरी पहिल्यासारखं राहत नाही, हे दुसरं. केनियाला वळसा घ्यायला सोपी जागा नव्हती असं म्हणता येईल. आपल्याला आहे.

आता त्या वळशाबद्दल. इथे आमचा सूर बदलतो.

हिवरखेड-सोनाळा-जामोद हा पायथ्याचा पट्टा नकाशावर रिकामा दिसतो. खाली पूर्णेकाठी खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ, जमीन चिकट. वर डोंगर. मधली ही गोड्या पाण्याची अरुंद पट्टी म्हणजे अकोट-तेल्हारा-संग्रामपूर-जळगाव जामोदची खरी लक्ष्मी. संत्रा, केळी, कपाशी, पानमळे, आणि इतरत्र सहसा न दिसणारी पानपिंपरी इथे होते. ज्याचा दीड एकर संत्र्याचा बाग मधोमध कापला जाणार आहे, त्याला वाघ वाचल्याचा आनंद मानायला सांगणं सोपं नाही. शिवाय रूळ आडवे गेले की वावराचे दोन तुकडे होतात. विहीर एकीकडे, पीक दुसरीकडे, आणि बैलगाडीला फाटकापर्यंत वळसा. मोबदला मिळतो तो गेलेल्या जमिनीचा. उरलेल्या तुकड्याच्या हालअपेष्टेचा मिळत नाही. रात्रीच्या जागलीनं आधीच मेटाकुटीला आलेला हा शेतकरी. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत हरभऱ्याचं वावर भुईसपाट करतात, आणि त्यांना आता रुळांची आडकाठी झाली की त्यांची वाट कुणाच्या वावरातून वळेल, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

त्यापुढचा मुद्दा आमच्या शीर्षकातला. नवा मार्ग जंगलाबाहेर आहे म्हणजे तो वन्यजीवांच्या बाहेर आहे, असं आपण गृहीत धरलं. नकाशावर जे हिरवं ते वाचवायचं, जे पिवळं ते वापरायचं. सरकारी भाषेत त्या पिवळ्याला 'पडीक' म्हणतात. पायथ्याची गायरानं, नाल्याकाठची बाभूळबनं, सरकारी ई-क्लास जमिनी, हिवर-बोर-पळसाचे माळ हे सगळं त्या 'पडीक' शब्दात मावतं. पण कोल्हा, लांडगा, खोकड, काळवीट, मोर यांचं घर तेच आहे. अकोला-वाशिमच्या अशाच माळांवर तणमोरासारखा अतिदुर्मीळ पक्षी पावसाळ्यात आढळला, आणि तो राखण्यात फासेपारधी समाजाची माणसं पुढे आली. वाशिम जिल्ह्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळचं छोटं अभयारण्य आहे, अवघं अठरा चौरस किलोमीटरचं. बाकी वऱ्हाडातल्या माळाला कायद्याचं छत्र जवळजवळ नाहीच. म्हणजे वाघाच्या सव्हानाला आपण वळसा घातला आणि लांडग्याच्या सव्हानावरून रूळ टाकले. एकाच मुलखाचे दोन तुकडे. एकाला साग आहे म्हणून किंमत, दुसऱ्याला हिवर आहे म्हणून नाही.

आणि वाघालाही खरोखर वळसा घातला गेला आहे का? सोनाळ्याच्या डोक्यावर अंबाबरवा अभयारण्य आहे. तेही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. अंबाबरव्याच्या पश्चिमेला डोंगराची रांग जामोदवरून पुढे मुक्ताईनगर-यावलकडे सरकते, आणि मेळघाटातला तरणा वाघ नवी जागा शोधायला निघाला की त्याच रांगेनं जातो. मुक्ताईनगरच्या वढोदा परिसरात वाघ आहेत ते काही आकाशातून पडलेले नाहीत. नवा मार्ग सातपुडा ओलांडणार तो जामोद आणि खकनारच्या दरम्यान, म्हणजे नेमका हा धागा तोडून. गाभा वाचला, पण गाभ्यातून बाहेर पडायचं दार रुळांखाली आलं. कोंडलेला वाघ फार पिढ्या टिकत नाही.

म्हणून जुन्या मार्गाकडे परत चला, असं आम्ही म्हणत नाही. तिथला तोटा नक्की आहे आणि भरून न येणारा आहे. इथला कमी करता येण्यासारखा आहे. आमच्या तराजूत हा फरक निर्णायक ठरतो. पण कमी करता येण्यासारखा तोटा आपोआप कमी होत नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या रानात नऊ ठिकाणी जनावरांसाठी रस्ता उचलून खालून वाटा ठेवल्या. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथे कॅमेरे लावून पाहिलं तर वाघापासून सशापर्यंत सगळे त्या वाटा वापरताना दिसले. विदर्भातलंच उदाहरण आहे, बाहेर जायला नको. मात्र त्या वाटा सहज मिळाल्या नाहीत. काम अडलं, न्यायालयं झाली, वर्षं गेली, मग मिळाल्या. जामोद-खकनारच्या चढात तीच सोय आधीच आराखड्यात हवी. गाडी सुरू झाल्यावर पहिला वाघ मेल्यानंतर नको. आणि पायथ्याच्या सपाटीवर, नाल्यांवर ज्या मोऱ्या बांधायच्याच आहेत त्या चार हात रुंद बांधल्या तर त्यांतून रोही जाईल, लांडगा जाईल, आणि शेतकऱ्याची बैलगाडीही जाईल. इथे जनावराची सोय आणि माणसाची सोय एकाच सिमेंटात होते. असा योग फार वेळा येत नाही.

राहता राहिला जुना रूळ. त्याचं काय करायचं यावर तीन मतं ऐकू येतात. मध्य प्रदेशात पातालपाणी-कालाकुंड मार्गावर डिसेंबर 2018 पासून पर्यटकांसाठी मीटरगेजची वारसा गाडी चालते. तशी धूळघाटला चालवा, हे पहिलं. चारचा आकडा पुढच्या पिढीनं पाहायलाच हवा, हे आम्हालाही वाटतं. खिडकीतून मान काढलेल्या पोरांपैकी प्रस्तुत लेखकही एक होता, त्यामुळे या मुद्द्यावर आमची तटस्थता थोडी संशयास्पदच आहे. पण सुटीच्या दिवशी डबे भरून पर्यटक गाभा क्षेत्रात उतरवायचे, त्यांच्यासाठी चहाच्या टपऱ्या, शौचालयं, वाहनतळ उभे करायचे आणि केलपाणीच्या माणसाला मात्र देवाच्या दर्शनापुरतंही आत सोडताना कागद तपासायचे, हे पटत नाही. तिसऱ्या श्रावण सोमवारी धारगडच्या यात्रेला हजारो भाविक रात्रीतून रानात जातात. तेवढा एक अपवाद पेलतानाही वनखात्याची दमछाक होते. दुसरं मत: सगळं उखडा, जमीन वनखात्याला द्या. तिसरं, रेल्वेला नेहमीच आवडणारं: काहीच करू नका. आमचं मत दुसऱ्याकडे झुकतं, एका दुरुस्तीसह. रूळ काढा, भराव जिथे जनावराला अडवतो तिथे उतरवा, पण वेढ्याचे पूल आणि स्टेशनांची दगडी बांधकामं राहू द्या. आणि मोकळ्या झालेल्या त्या लांब पट्ट्यावर कृपा करून साग लावू नका. गवत येऊ द्या.

धारणीच्या गावांना काय देणार, याचं उत्तर मात्र कुणाच्याच आराखड्यात दिसत नाही. रेल्वे म्हणेल तो आमचा प्रश्न नाही. वनखातं म्हणेल आमचाही नाही. मार्ग वळवल्यामुळे वाचलेल्या रानाचं श्रेय घेणाऱ्या प्रत्येकानं धूळघाट ते अकोट बारमाही एसटीची फेरी मागितली असती, तर आमचा या चळवळीवरचा विश्वास वाढला असता. अजूनही मागता येईल. फार पैसे लागत नाहीत.

हिवरखेडच्या लोकांनी या सगळ्यात वाट पाहण्याचं काम केलं. अकोटला मोठी गाडी आली तेव्हा वीस-बावीस किलोमीटरवरच्या या गावात आपलीही आता आलीच असं वाटून गेलं असेल. त्यांना रेल्वे हवी आहे आणि ती त्यांची रास्त मागणी आहे. दिरंगाईची किंमत दिल्ली-मुंबईच्या निसर्गप्रेमींनी नाही, त्यांनी मोजली. पण घाईत झालेल्या मोजणीचा फटकाही त्यांनाच बसेल. या पट्ट्यातून रूळ कुठून जातात यावर पुढची शंभर वर्षं कुणाच्या वावरात पाणी तुंबेल आणि कुणाच्या बांधावरून डुकरं येतील ते ठरणार आहे. मोऱ्या कुठे आणि किती रुंद हव्यात, नाला कोणत्या महिन्यात कुठपर्यंत फुगतो, रोही कुठून उतरतात, लांडग्याची वीण कोणत्या माळावर असते, हे अभियंत्याला माहीत नसतं. जागलीला जाणाऱ्याला आणि मेंढपाळाला माहीत असतं. ग्रामसभांनी आपल्या शिवाराचा असा नकाशा स्वतः काढून मोजणीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा.

कारण मोजणीदार येईल तेव्हा संत्र्याची झाडं एकेक करून मोजेल. विहीर लिहील, पाइपलाइन लिहील, गोठ्याची कौलं लिहील. बांधावर एखादा हिवर उभा असेल, त्याच्या खाली शेळ्या असतील. त्याच्यापुढच्या रकान्यात फार तर 'जळाऊ' असा शेरा पडेल आणि टेप पुढे सरकेल.